नकाराचा अधिकार

४ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्यांच्यामागोमाग आणखी काही आदिवासी लोकप्रतिनिधी जाळीवर उतरले. मंत्रालयात जीव देण्याचे प्रकार वाढले म्हणून २०१८ मध्ये ही जाळी बसवली गेली. सरकारदरबारी खेटे घालून थकलेली माणसे त्यानंतर लक्ष वेधण्यासाठी तिच्यावर उड्या घेऊ लागली. त्या दिवशी मागण्या दोन होत्या. धनगर समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत घेऊ नये आणि अनुसूचित क्षेत्रातली रखडलेली ‘पेसा भरती’, म्हणजे तिथली सरकारी नोकरभरती, मार्गी लावावी. पुष्कळांनी या प्रकाराला निवडणुकीच्या तोंडावरची नौटंकी म्हटले आणि विषय दोन दिवसांत विरला.

नौटंकी म्हणून तो सोडून देता येत नाही. धनगर आरक्षणाच्या गुणदोषांचा वाद वेगळा, त्यात इथे शिरायचे कारण नाही. पण अध्यक्षांच्या गैरहजेरीत जो माणूस सभागृह चालवत होता, जो सत्ताधारी आघाडीचाच आमदार होता, त्याला आपल्या सरकारपर्यंत गाऱ्हाणे पोहोचवायला जाळीवर उडी घ्यावी लागली, तेव्हा दोष एका माणसाच्या स्वभावात शोधून भागत नाही. तो आपण उभारलेल्या प्रतिनिधित्वाच्या रचनेत शोधावा लागतो. भारतीय लोकशाहीने आदिवासींना सभागृहातली हजेरी दिली. त्यांच्या जमिनीविषयी, जंगलाविषयी, जगण्याविषयी निर्णय होत असताना ‘नाही’ म्हणण्याचा आणि तो नकार पाळला जाण्याचा अधिकार मात्र दिला नाही. घटनात्मक मान्यतेची खरी कसोटी या दुसऱ्या गोष्टीत आहे.

हिशेबापुरते पाहिले तर महाराष्ट्रात फारसे बिघडलेले नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातली आदिवासी लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे ९.३५ टक्के होती. विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेच्या नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर या ४ जागाही तशाच. १९५० मध्ये ही तरतूद १० वर्षांपुरती होती. दर १० वर्षांनी ती वाढत गेली आणि आता २०३० पर्यंत आहे.

अडचण पुढे सुरू होते. राखीव मतदारसंघात उमेदवार आदिवासी असतो, मतदार सगळेच असतात. १९३२ चा पुणे करार आदिवासींविषयी नव्हता, पण त्यातून दलितांसाठी संयुक्त मतदारसंघांची जी चौकट रूढ झाली तीच स्वतंत्र भारताने आदिवासींनाही लावली. ज्या मतदारसंघात आदिवासी संख्येने कमी आहेत, तिथे निवडून यायचे तर बिगरआदिवासींना दुखवून चालत नाही. उमेदवारी पक्ष देतो आणि ती ठरते मुंबईत नाहीतर दिल्लीत. १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाण्याची सोय झाली. आता गणित मांडा. २५ जण, तेही चार-पाच पक्षांत वाटलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर पक्षादेश. ते एकत्र आले तरी २८८ मध्ये २५ आणि वेगळे पडले तर शून्य. सभागृहात ही माणसे गप्प बसतात याचे नवल नाही. बोलली तरी फरक पडत नाही हे त्यांना कळलेले आहे. म्हणून ती सभागृह सोडून जाळीवर गेली.

महाराष्ट्रातल्या आदिवासींनी जे मोठे मिळवले ते बहुतेक सभागृहाबाहेरच्या रेट्यातून मिळवले. सत्तरच्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराज उभे राहिले, पालघरला काळूराम धोदडे आणि भूमिसेना उभी राहिली. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा अशा चळवळींच्या धगीतून आला. २००६ चा वनहक्क कायदा देशभरच्या संघटनांनी दिल्लीकडून खेचून घेतला. तो कागदावरच राहतोय हे दिसल्यावर मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो माणसे पायी मुंबईला आली. त्यांत वनपट्ट्यांसाठी निघालेले आदिवासीच जास्त होते. आझाद मैदानावर पोहोचलेल्या रक्ताळलेल्या पावलांनी जे वदवून घेतले, ते २५ आमदारांना करता आले नव्हते.

म्हणून राखीव जागा निरुपयोगी म्हणायच्या का? तसे म्हणण्याआधी गोव्याकडे पाहावे. तिथल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. पण २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर बेतलेली होती आणि त्या जनगणनेत हे समाज जमाती म्हणून मोजलेच गेले नव्हते. परिणामी लोकसंख्येत सुमारे १० टक्के असूनही ४० जणांच्या गोवा विधानसभेत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव राहिली नाही. मे २०११ मध्ये आदिवासी हक्कांसाठी बाळ्ळीला झालेल्या आंदोलनात दोन तरुणांचे जीव गेले. जागा राखून ठेवण्याची वाट मोकळी करणारा कायदा संसदेने केला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. ओळख मिळाल्यापासून प्रतिनिधित्वाच्या कायद्यापर्यंत २० वर्षांहून जास्त काळ गेला. तेव्हा जागा हव्यातच. हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याने होकार-नकाराची भाषा कुठे बोलायची? प्रश्न आहे तो जागा मिळाल्यावर काम संपले असे मानण्याचा.

घटनाकारांनी तसे मानले नव्हते. राखीव जागांबरोबर त्यांनी पाचवी आणि सहावी अनुसूची लिहिली. ईशान्येकडच्या काही डोंगराळ भागांना सहाव्या अनुसूचीने स्वायत्त जिल्हा परिषदा दिल्या आणि त्यांना जमीन, जंगल, रूढी यांविषयी कायदे करण्याचे अधिकार दिले. मध्य भारतातल्या आदिवासींच्या वाट्याला पाचवी अनुसूची आली. महाराष्ट्रासह १० राज्ये आज तिच्या कक्षेत आहेत. तिच्यात राज्यपालांना असाधारण अधिकार आहे. संसदेचा किंवा विधानसभेचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होणार नाही, किंवा बदल करून लागू होईल, असे ते अधिसूचनेने ठरवू शकतात. जोडीला जास्तीत जास्त २० सदस्यांची जनजाती सल्लागार परिषद आहे आणि तिचे साधारण तीन चतुर्थांश सदस्य आदिवासी आमदार असतात.

कागदावर हे भरभक्कम दिसते, पण त्याची दिशा पाहा. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात ‘वगळलेल्या’ आणि ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत कोणताही नवा कायदा आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरने तसे जाहीर केले तरच लागू होई. इंग्रजांचा हेतू काही आदिवासींच्या कल्याणाचा नव्हता. त्यांना कमी खर्चात शांतता हवी होती. पण पाचव्या अनुसूचीने नियम उलटा केला. आता प्रत्येक कायदा आपोआप लागू होतो आणि राज्यपालांनी हात पुढे केला तरच थांबतो. त्यांनी काहीच केले नाही, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा होतो. सल्लागार परिषदेचे तर काम राज्यपाल जे विषय तिच्याकडे पाठवतील त्यांवर सल्ला देणे एवढेच. विचारल्याशिवाय बोलायचे नाही आणि बोललेले कुणावर बंधनकारक नाही.

संविधान सभेत हे ओळखणारा एक माणूस होता. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार असलेले जयपालसिंग मुंडा डिसेंबर १९४६ मध्ये ध्येय-धोरणांच्या ठरावावर बोलायला उभे राहिले. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, असे त्यांनी सभेला ऐकवले. पाचव्या अनुसूचीच्या अंतिम रूपात सल्लागार परिषदेचे वजन कमी झाल्याबद्दल त्यांनी नाराजीही मांडली. पुढे त्यांच्या झारखंड पक्षाने १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत लक्षणीय यश मिळवले आणि १९६३ मध्ये तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. स्वतःच्या बळावर उभा राहिलेला आदिवासींचा राजकीय आवाज मोठ्या पक्षात कसा मुरतो, याचे स्वतंत्र भारतातले हे पहिले मोठे उदाहरण. झारखंड राज्य व्हायला त्यानंतर ३७ वर्षे लागली.

राज्यपालांच्या अधिकाराने काही घडतच नाही, असे नाही. वनहक्क कायद्यात जिल्हास्तरीय समितीने दावा फेटाळला की दावेदाराला पुढे अपिलाची वाट नव्हती. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रांपुरती त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली अपील समित्या आणल्या. २०१६ मध्ये झारखंड विधानसभेने छोटा नागपूर आणि संथाल परगणा इथल्या कूळकायद्यांत बदल करणारी विधेयके मंजूर केली, तेव्हा तिथल्या राज्यपालांनी २०१७ मध्ये ती परत पाठवली. त्या राज्यपाल म्हणजे द्रौपदी मुर्मू, २०२२ पासून देशाच्या राष्ट्रपती. त्यांनी जे केले ते योग्यच केले. पण दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. राजभवनात कोण बसले आहे यावर सारे अवलंबून आहे. भला माणूस असेल तर संरक्षण, नसेल तर नाही. ज्या संरक्षणासाठी कुणाच्या भलेपणाची वाट पाहावी लागते, ते आदिवासींच्या हातात असलेला हक्क होत नाही.

हा पेच जगात इतरत्रही आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनी बेटांवरच्या लोकांनी २०१७ मध्ये उलुरू इथल्या निवेदनात एक मागणी केली. संसदेला आणि सरकारला आमच्याविषयीच्या प्रश्नांवर सल्ला देणारी आमची संस्था घटनेतच लिहा, म्हणजे कुणा सरकारला ती मोडता येणार नाही. या आग्रहाला कारण होते. १९९० मध्ये स्थापन झालेला त्यांचा राष्ट्रीय आयोग २००५ मध्ये साध्या कायद्याने बरखास्त झाला होता. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले. सुमारे ६० टक्के मतदारांनी आणि सहाच्या सहा राज्यांनी ‘नाही’ म्हटले. विरोधकांचा एक मुद्दा असा होता की संसदेच्या २२७ सदस्यांत ११ जण आदिवासी आहेत, मग वेगळा आवाज कशाला? आपल्याकडे राखीव जागांकडे बोट दाखवून हेच म्हटले जाते. त्या ११ जणांची निष्ठा आपापल्या पक्षाशी आणि मतदारसंघाशी होती, समाजाने त्यांना पाठवले नव्हते. खुद्द या सार्वमतावरच त्यांच्यात फूट होती. ज्या संस्थेला फक्त सल्ला द्यायचा होता, तिलाही ९७ टक्क्यांच्या देशाने ३ टक्क्यांसाठी जागा केली नाही.

न्यूझीलंडने १८६७ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींसाठी संसदेत चार जागा वेगळ्या काढल्या. तो काही उदारपणा नव्हता. लोकसंख्येच्या मानाने त्या फार कमी होत्या आणि सव्वाशेहून जास्त वर्षे चारच राहिल्या. पण त्यांत माओरी मतदारच मत देतात. १९९६ पासून किती लोक माओरी यादीत नाव घालतात त्यावर जागा ठरू लागल्या आणि आज त्या सात आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये माओरी आणि ब्रिटिश यांच्यातल्या वैतांगी कराराची तत्त्वे नव्याने ठरवू पाहणारे विधेयक आले, तेव्हा एका तरुण माओरी खासदार बाईंनी त्याची प्रत फाडून सभागृहातच ‘हाका’ हे पारंपरिक माओरी नृत्य सुरू केले. पुढे त्यांना निलंबनही सोसावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडले. ते पडले मोठ्या पक्षांच्या मतांमुळे, हे खरे. तरी फरक नजरेत भरतो. ज्यांना फक्त आपल्या लोकांना उत्तर द्यायचे होते, त्यांचा राग सभागृहात उमटला. आपल्याकडे तो जाळीवर उमटला.

मग भारतातही वेगळ्या मतदार याद्या कराव्यात का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. महाराष्ट्रातच ४५ अनुसूचित जमाती आहेत. त्यांतला भिल्ल, गोंड, कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा आकार आणि कोलाम, कातकरी, माडिया यांची स्थिती यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. वेगळ्या यादीने मोठ्या जमातींचा आवाज वाढेल, छोट्यांचा तेवढाच दबेल. शिवाय वाद आमदार कुणी निवडावा यापुरता नाही. निर्णय कुठे व्हावा, हा खरा वाद आहे.

त्याचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे आणि गावांनी ते वापरूनही दाखवले आहे. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला पंचायत व्यवस्थेचा गाभा मानले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच्याही आधी दिली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने ते गाव अभ्यासगट चालवायला आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने ठरवायला शिकले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक केंद्रीय वनखात्याच्या मंत्र्यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. आज गडचिरोलीत कित्येक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः करतात. जयपालसिंगांनी जे बोलून दाखवले होते, ते इथे जमाखर्चाच्या वहीत उतरले आहे.

आणि नकार? ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ग्रामसभांना विचारा. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या १२ ग्रामसभा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा एकही माणूस तेव्हा मंत्रिमंडळात नव्हता. त्यांच्या नकाराला वजन आले, कारण तो विचारण्याची सक्ती झाली.

त्या सक्तीला फटी मात्र पुष्कळ आहेत. पेसा कायद्यात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी नुसती सल्लामसलत करायची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमतीची अट घातली, पण बहुतेक खनिजे वनजमिनीखाली आहेत आणि वनजमीन संपादित होत नाही, ती वळती केली जाते. गौण खनिजांसाठी ग्रामसभेची शिफारस लागते, पण लोहखनिज गौण नाही. २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी तर केंद्राची अंतिम मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता राज्याच्या जबाबदारीवर नंतर, असा क्रम लावून दिला. अनुसूचित जमाती आयोगाने त्यावर हरकत घेतली. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखनिज खाणीविरुद्ध परिसरातल्या ग्रामसभांनी ठराव केले आणि खाण चालूच आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही झटकून टाकण्यासारखे नाहीत. एका गावाने देशाचे खनिज अडवून धरावे का, हा पहिला. पण खनिज कुणाच्या घराखाली आहे याचा विचार न करता देश म्हणजे कोण, हे आधीच ठरवून हा प्रश्न विचारला जातो. शहरातल्या सोसायटीचा पुनर्विकास बहुसंख्य सभासदांच्या संमतीशिवाय होत नाही आणि त्याला कुणी राष्ट्रविरोधी म्हणत नाही. शिवाय नकाराचा अधिकार असला की वाटाघाटीला खरा अर्थ येतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकारालाही किंमत नसते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ग्रामसभा म्हणजे काही पवित्र ठिकाण नव्हे. तिथेही पुरुषांचे चालते, ठेकेदाराचे पैसे फिरतात, कोऱ्या कागदावर अंगठे घेतले जातात. हे खरे आहे. पण हेच दोष विधानसभेतही आहेत आणि त्यासाठी विधानसभा बंद करा असे कुणी म्हणत नाही. ग्रामसभेतला खोटा ठराव गावातल्या माणसाला दिसतो. मंत्रालयातला दिसत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. रायगड जिल्ह्यातली एकही कातकरीवाडी अनुसूचित क्षेत्रात येत नाही, कारण अख्खा जिल्हाच त्याबाहेर आहे. तिथल्या वाड्या मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतींत एका कोपऱ्यात बसलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते, पण अनुसूचित क्षेत्रात असेल तरच. जे सर्वांत दुबळे, त्यांच्यापर्यंत नकाराची व्यवस्था पोहोचलेलीच नाही.

तेव्हा करायचे काय, हे अस्पष्ट नाही. जनजाती सल्लागार परिषदेला स्वतःहून विषय घेण्याचा अधिकार द्यावा, तिचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे न ठेवता आदिवासी सदस्यांनी निवडलेल्याकडे द्यावे आणि तिचे इतिवृत्त जाहीर करावे. अनुसूचित क्षेत्रातल्या जमीन, जंगल, पाणी यांना हात घालणारा कायदा परिषदेचे मत सभागृहापुढे आल्याशिवाय तिथे लागू होऊ नये, म्हणजे १९५० मध्ये उलटलेला नियम पुन्हा सरळ होईल. राज्यपाल अनुसूचित क्षेत्रांच्या प्रशासनाविषयी राष्ट्रपतींना जो अहवाल देतात, तो दरवर्षी विधानसभेत मांडला जावा. पेसामधल्या सल्लामसलतीच्या जागी संमती यावी आणि वनजमीन वळती करतानाही तीच अट असावी. आणि रायगडसारख्या जिल्ह्यांतल्या कातकरीवाड्यांसाठी अनुसूचित क्षेत्राच्या सीमा पुन्हा आखाव्यात. यातल्या काही गोष्टींना संसद लागेल, काहींना मुंबईतली इच्छाशक्ती पुरेल.

पुढच्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना येईल. आदिवासी भागांत बाहेरच्यांची वस्ती वाढलेली असल्याने राखीव जागा घटण्याची भीती काही राज्यांत खरी आहे. झारखंडमध्ये याच कारणाने २००८ ची पुनर्रचना रोखून धरावी लागली होती. जागांसाठी भांडावे लागेल आणि ते भांडण न्याय्य असेल. पण राखीव जागेवर मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: आमच्या ग्रामसभेने ज्याला नकार दिला, त्याला तुम्ही पक्षादेश मोडून सभागृहात नकार द्याल का? याचे उत्तर ज्याच्याकडे नसेल, त्याला निवडून देणे म्हणजे हजेरीपटावर आणखी एक सही करणे.